दुरुस्तीचा हक्क अन् ‘सिक्युरिटी’चं कारण: लोकं सारखं विचारतात ते प्रश्न

लातूरला मोबाईल-लॅपटॉप रिपेअरिंगचं काम करतो. काउंटरवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर तेच तेच प्रश्न येयलेत, त्यात उदगीर-निलंग्यापासून पार परभणी-हिंगोलीपर्यंतचे लोकं आहेत. बहुतेकांचं दुखणं एकच, सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो सिक्युरिटीमुळं होत नाही, नवीन घ्या. हे कारण कुठं खरं अन् कुठं नाही ते इथं लिहिलंय. कुठला प्रश्न दुसऱ्याला लागून असंल तर तिथं नंबर दिलाय.

1. राईट टू रिपेअर म्हणजे नेमकं काय ओ? कंपनी फुकट रिपेअर करून देणार का?

नाही, फुकटचा काही संबंध नाही. तुम्ही पैसे मोजून वस्तू घेतली म्हणल्यावर ती बिघडली तर कुठं दुरुस्त करायची हे तुम्ही ठरवायचं, एवढंच मागणं आहे. त्यासाठी कंपनीनं सुटे पार्ट, बोर्डाचा नकाशा म्हणजे स्कीमॅटिक, मॅन्युअल, टूल अन् तपासणीचं सॉफ्टवेअर वाजवी भावात बाहेरच्या मिस्त्रीला आणि खुद्द मालकाला पण द्यायला पाहिजे. आत्ता काय होतं, कंपनी पार्ट फक्त आपल्या सेंटरला देते, आम्ही मिस्त्री लोकं दोन मेलेले बोर्ड तोडून तिसऱ्याला आयसी, म्हणजे चिप, लावतो.

2. आपल्या भारतात असा कायदा झालाय का? मी तर ऐकलं होतं झालाय म्हणून

स्वतंत्र कायदा झालेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये समिती नेमली, त्यात चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरातली उपकरणं आणि गाड्या. मग 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, राईट टू रिपेअर पोर्टल चालू केलं, तिथं कंपन्यांनी सर्व्हिस सेंटर, वॉरंटी, पार्टची माहिती टाकायची. तुम्ही ऐकलं ते हेच असणार. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं अन् पार्ट द्यायची सक्ती वेगळी. पुढं 2024 मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्ससाठी दुसरी समिती बसली, तिचा अहवाल मे 2025 मध्ये सादर झाला. म्हणजे फ्रीजवर जसे वीज बचतीचे स्टार असतात तसे ‘हे किती सहज दुरुस्त होतं’ याचे मार्क मोबाईलवर असावेत असा विचार आहे. फ्रान्सनं असे दहापैकी मार्क 1 जानेवारी 2021 पासून लावायला सुरुवात केली.

तोपर्यंत आपल्या हातात ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे, तो कसा वापरायचा ते प्रश्न 17 मध्ये.

3. बाहेर उघडलं की वॉरंटी गेली, हे खरंय का?

कंपनीच्या कार्डावर तसं लिहिलेलं असतं, अन् वॉरंटी चालू असंल तर मी स्वतः सांगतो की आधी सेंटरला जा, उगं माझ्याकडं उघडू नका. पण कार्डावर लिहिलं म्हणजे दगडावरची रेघ झाली असं नाही. 25 ऑगस्ट 2014 ला कॉम्पिटिशन कमिशननं, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या आयोगानं, 14 कार कंपन्यांना मिळून जवळपास 2,545 कोटींचा दंड लावला होता, कारण त्या बाहेरच्या गॅरेजला पार्ट अन् तपासणीची टूलं देत नव्हत्या. त्याच ऑर्डरमध्ये लिहिलंय की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. ते प्रकरण पुढं अपिलात गेलं आणि ते गाड्यांबद्दल होतं, मोबाईलला जसंच्या तसं लागू होत नाही. तरी भांडताना हा मुद्दा सांगायला लई कामाला येतो.

4. मग ही सिक्युरिटीची सूट काय भानगड आहे? कायद्यातच असते का?

हो, जिथं कायदे झालेत तिथं जवळपास सगळीकडं आहे, पण तिचे प्रकार वेगवेगळे आहेत अन् लोकं ते एकात एक करतात.

पहिला प्रकार, चोरी रोखणारं लॉक. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्यात 100 डॉलर आणि वरच्या वस्तूला 7 वर्षं पार्ट द्यायचे असं आहे, पण मालकानं लावलेलं चोरीविरोधी लॉक तोडायचं टूल द्यायची सक्ती नाही. न्यूयॉर्कमध्ये पण कंपनीनं पासवर्ड किंवा लॉक उघडायचे कोड द्यायची गरज नाही. ही सूट मला शंभर टक्के पटते.

दुसरा प्रकार म्हणजे गिऱ्हाईक बघून सूट. न्यूयॉर्कच्या कायद्यात जो माल फक्त कंपन्यांना नाहीतर सरकारला करारावर विकतात अन् दुकानात मिळतच नाही, तो वगळलाय. तिकडच्याच मिनेसोटा राज्यानं अत्यावश्यक यंत्रणेसाठीची, म्हणजे वीज, पाणी असल्या ठिकाणी वापरायची आयटी उपकरणं वगळली. अन् तिसरा प्रकार, वस्तूच अख्खी बाहेर. कॅलिफोर्नियानं घरफोडीचे अन् आगीचे अलार्म बाहेर ठेवले. युरोपात 20 जून 2025 पासून स्मार्टफोनचे पार्ट त्या मॉडेलची विक्री थांबल्यावर पण 7 वर्षं देणं बंधनकारक झालं, तिथं अतिगोपनीय संभाषणासाठी बनवलेले खास फोन वगळलेत.

तुमचा-माझा दहा-पंधरा हजाराचा मोबाईल यातल्या कुठल्याच सुटीत बसत नाही, फक्त त्याचं लॉक पहिल्या प्रकारात बसतं. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

5. खरं सांगा, सिक्युरिटीचं कारण खरं असतं का कंपन्यांचा बहाणा?

दोन्ही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब लिहितो.

यंत्रात गुपित असतंच. बँकेच्या कार्ड मशीनच्या चिपमध्ये किल्ल्या असतात, किल्ली म्हणजे कोडचे लांबलचक आकडे. त्या बाहेर आल्या तर लोकांचे पैसे जातील. ते गुपित कुणालाच देऊ नये, मला पण नाही. पण मला चार्जिंग पट्टीचा नकाशा दिला तर कुठलं गुपित फुटतं? बॅटरी कशी काढायची हे सांगितलं तर कुणाचं खातं रिकामं होतं? कंपन्या काय करतात, आतल्या एका चिपचं खरं कारण पुढं करून अख्ख्या मशीनला टाळं लावतात.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं मे 2021 मध्ये संसदेला अहवाल दिला, त्यात कंपन्यांची सुरक्षेची वगैरे सगळी कारणं तपासली आणि त्यातल्या बहुतेकांना पुरावा फारच थोडा आहे असं सांगितलं. सिक्युरिटीतले जाणकार सुद्धा या बाजूनं आहेत, तिकडं सिक्युरपेअर्स नावाचा त्यांचा गटच आहे. आणि हा विचार काही नवा नाही, 1883 मध्ये केरखॉफ्स नावाच्या माणसानं लिहून ठेवलंय की गुप्त संदेशाची पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी बिघडायला नको, फक्त किल्ली गुप्त पाहिजे. म्हणजे नकाशा लपवून जी सुरक्षा टिकते ती मुळातच कच्ची.

आता दुसरी बाजू. मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर 2020 मध्ये तीन चतुर्थांश मतदारांनी कौल दिला की गाडी जो डेटा वायरलेसनं कंपनीला पाठवते तो मालकाला अन् त्याच्या गॅरेजला पण मिळाला पाहिजे. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वाहन सुरक्षा खात्यानं कंपन्यांना पत्र दिलं की हे पाळू नका, लांबून कुणी हॅकर ब्रेक-स्टेअरिंगमध्ये घुसू शकतो. भीती अगदीच खोटी नव्हती. पण दोन महिन्यांनी त्याच खात्यानं मार्ग काढला, लांबून नको पण गाडीजवळ उभं राहून ब्लूटूथसारख्या जवळच्या कनेक्शननं द्या. म्हणजे बसून विचार केला तर दुरुस्ती पण होते अन् सुरक्षा पण राहते. मला हेच म्हणायचंय, सूट द्या पण त्या एका किल्लीपुरती द्या, अख्ख्या मशीनला नको.

6. दादा, ओरिजिनल डिस्प्ले टाकला तरी मोबाईल ‘अनोळखी पार्ट’ म्हणून मेसेज दाखवायलाय. फसवलं का मला?

बहुतेक नाही. याला पार्ट पेअरिंग म्हणतात. डिस्प्ले, बॅटरी, कॅमेऱ्याला नंबर असतो अन् बोर्डाला तो माहीत असतो. दुसऱ्या सेम मोबाईलचा अस्सल फोल्डर, म्हणजे अख्खा डिस्प्ले, काढून लावला तरी नंबर जुळत नाही, मग मेसेज येतो, कधी ब्राईटनेस आपोआप कमी-जास्त होणं बंद होतं, कधी बॅटरीची हेल्थ दिसत नाही. कंपनी म्हणते चोरीच्या मोबाईलचे पार्ट विकले जाऊ नयेत म्हणून, अन् अंगठ्याच्या सेन्सरचं कारण मी समजू शकतो, तिथून खोटा अंगठा घुसवता येऊ शकतो. बॅटरीत असं काय आहे ते मला आजवर कुणी सांगितलं नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं पहिल्यांदा पेअरिंगवर बंदी आणली, 1 जानेवारी 2025 नंतर विकलेल्या वस्तूंसाठी. आपल्याकडं अशी बंदी नाही, म्हणून काम टाकायच्या आधी मिस्त्रीला विचारा मेसेज येईल का, अन् प्रामाणिक मिस्त्री आधीच सांगतो.

7. वडील वारले, त्यांच्या मोबाईलचं लॉक कुणालाच माहीत नाही. उघडून देता का?

असा प्रश्न आला की वाईट वाटतं, पण नुसत्या शब्दावर कुणी मिस्त्री लॉक तोडत असंल तर तो चोराचं पण तोडतो. खरेदीचं बिल, बॉक्स, मृत्यू प्रमाणपत्र अन् वारसाचा कागद घेऊन कंपनीच्या सेंटरला जा. काही कंपन्या कागद बघून अकाउंट लॉक काढतात, पण डेटा राहत नाही, मोबाईल कोरा होऊन मिळतो. फोटो पाहिजे असतील तर गुगल किंवा आयक्लाऊडला वेगळा अर्ज करावा लागतो. प्रश्न 4 मधली पहिली सूट याच्याचसाठी आहे, तुमच्या केसमध्ये ती आडवी येते पण चोरी गेलेल्या मोबाईलमध्ये तीच तुम्हाला वाचवते.

8. बोर्डाचं काम केल्यावर आयएमईआय गेला, सॉफ्टवेअरवाला म्हणतो लिहून देतो पाचशेत

नका करू. इथं रिपेअरचा हक्क संपतो अन् गुन्हा चालू होतो. आयएमईआय म्हणजे मोबाईलचा ओळख नंबर, कंपनी सोडून कुणीच तो जाणूनबुजून बदलायचा नाही ही बंदी 2017 च्या नियमानं आली. 2023 च्या टेलिकम्युनिकेशन कायद्यात अशा छेडछाडीला 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. बोर्डच बदलायचा असंल तर कंपनीकडून बदला अन् नवीन नंबरचा कागद घ्या.

सेकंड मोबाईल घेताना *#06# दाबून नंबर बघा अन् केवायएम लिहून, स्पेस देऊन तो नंबर 14422 ला मेसेज करा, ब्लॅकलिस्ट असंल तर कळतं.

9. पोरासाठी पुण्याहून सेकंड लॅपटॉप आणला, इंटरनेट जोडलं की कुठल्या तरी कंपनीचं लॉगिन मागायलाय

लातूरला हे लई होतं, नीट-जेईईच्या क्लासला पोरं येतात, पालक स्वस्तात कंपन्यांचे जुने लॅपटॉप घेतात. आधीच्या कंपनीनं तो आपल्या यादीतून काढलेला नाही. विंडोज नव्यानं टाकून पण परत येतं कारण लॅपटॉपचा नंबर सर्व्हरवर नोंदलेला आहे. हा बिघाड नाही, मालकाचं लॉक आहे, म्हणून तोडायचं नाही. विकणाऱ्याला बिल दाखवून कंपनीकडून रिलीज करून आण म्हणा, जमत नसंल तर पैसे परत मागा. कीबोर्ड, रॅम, बॅटरी, बिजागरी मात्र कुणीही बदलू शकतं, लॉक असो नसो.

10. माझं सेवा केंद्र आहे, अंगठ्याचं मशीन बंद पडलं. उघडायचं का नाही? अन् कार्ड स्वाईपचं?

कार्ड स्वाईपच्या मशीनला स्क्रू ड्रायव्हर लावूच नका. आत छेडछाड ओळखणारे स्विच असतात, झाकण उघडलं की किल्ल्या पुसल्या जातात अन् मशीन कायमचं अडकतं. ते बहुतेक बँकेच्याच मालकीचं असतं, बदलून मागा.

आधारच्या अंगठ्याचं मशीन जरा वेगळं. एल-1 प्रकारच्या मशीनमध्ये अंगठ्याचा डेटा आतल्या सुरक्षित चिपमध्येच कोडमध्ये बदलतो अन् मशीन नंबरासहित नोंदलेलं असतं. तो बोर्ड बाहेर बदलून चालत नाही, बदलावा पण नाही, लोकांच्या खात्याचा प्रश्न आहे. पण मागं एक केंद्रवाला आला, मशीनची नुसती यूएसबी वायर मुळातून तुटलेली, कंपनीनं सांगितलं सुरक्षेमुळं वायर मिळत नाही, अख्खं नवीन घ्या. त्याचा दिवसाचा धंदा बुडत होता, बाहेर निराधारच्या पगारीसाठी म्हाताऱ्या बाया बसलेल्या. वायरीत कुठलं गुपित आलं? मी ज्याला अति म्हणतो ते हेच.

11. आडतीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा चुकायलाय, आपल्या ओळखीचा इलेक्ट्रॉनिक्सवाला दुरुस्त करंल का?

त्याच्याकडं लायसन असंल तरच. इथं कंपनीचं टाळं नाही, सरकारी सील आहे, अन् ते सील शेतकऱ्यासाठी आहे. वैध मापन कायदा 2009 प्रमाणं वजनकाट्याची दुरुस्ती करायला परवाना लागतो, अन् दुरुस्तीनंतर वैध मापन शास्त्र विभागाकडून परत पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. माझ्याकडं तो परवाना नाही. सोयाबीनच्या सीझनला मोंढ्यातून फोन येतात, भाऊ लोडसेल (काट्यातला वजन ओळखणारा सेन्सर) बदलून दे, दहा मिनिटाचं काम आहे. काम खरंच दहा मिनिटाचं आहे, पण कॅलिब्रेशनमध्ये क्विंटलला अर्धा किलो इकडं-तिकडं झाला तर माल घेऊन आलेल्या माणसाला ते दिसत पण नाही. म्हणून मी परवानावाल्याकडं पाठवतो. आणि इथं एक शिकण्यासारखं आहे, कायद्यानं दुरुस्ती कंपनीलाच बांधून दिली नाही, जो परवाना काढंल अन् परत शिक्का मारून घेईल तो करू शकतो. सिक्युरिटीच्या बाकी वस्तूंना पण अशीच पद्धत का नको?

12. लाईटचं मीटर फास्ट पळायलंय, उघडून बघावं का?

अजिबात नाही. सील तुटलेलं सापडलं तर वीज कायदा 2003 च्या कलम 135 मध्ये चोरीची केस होऊ शकते. महावितरणकडं मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा.

13. सीसीटीव्हीचा पासवर्ड विसरला, आधी मिस्त्री लोकं बोर्डावरून रीसेट करायचे, नवीन कॅमेऱ्यात का होत नाही?

9 एप्रिल 2025 पासून आपल्याकडं विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला सुरक्षेची सरकारी तपासणी सक्तीची झालीये. त्यात बोर्डावरचे डीबगचे पोर्ट, म्हणजे तपासणीसाठी वायर जोडायच्या जागा, बंद नाहीतर पासवर्डनं बांधलेले पाहिजेत असं आहे. त्याच पोर्टवरून आम्ही रीसेट मारायचो. दुकानदाराचं नुकसान झालं, माझं पण झालं, पण नियम मला चुकीचा वाटत नाही, तोच पोर्ट वापरून कुणीही तुमच्या घरातला कॅमेरा ताब्यात घेऊ शकत होता. आता कंपनीकडं बिल अन् कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर पाठवून रीसेट कोड मागायचा. अ‍ॅडॉप्टर, केबल, हार्डडिस्क बदलायला काहीच अडचण नाही. बसवतानाच पासवर्ड वहीत लिहून घ्या.

14. योजनेतून सोलर पंप मिळाला, कंट्रोलर एरर दाखवायलाय. गावातला मोटार रिवाइंडिंगवाला बघंल का?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत 5 वर्षं दुरुस्तीची हमी अन् विमा आहे, त्यामुळं आधी कंपनीला तक्रार द्या अन् तक्रार नंबर लिहून ठेवा. कंट्रोलरला सिमवर चालणारी रिमोट मॉनिटरिंगची यंत्रणा असते, कुणी आत हात घातला की हमीवरून वाद होणार. पण हरभऱ्याला पाणी द्यायच्या टायमाला पंप पंधरा दिवस बंद म्हणजे पीक गेलं, म्हणून लेखी तक्रार, तारखेचा फोटो अन् पाठपुरावा सोडू नका. पाच वर्षं झाल्यावर काय, त्या कंट्रोलरचे पार्ट अन् सेटिंगचा पासवर्ड गावातल्या मिस्त्रीला मिळणार का, हे आत्ताच कंपनीला लेखी विचारून ठेवा, तेव्हा विचारायला कुणी सापडणार नाही.

15. ट्रॅक्टरचं काय? नवीन ट्रॅक्टरला चेक लाईट लागली की कंपनीचाच माणूस लॅपटॉप घेऊन येतो

1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे नवे नियम लागले, त्यामुळं इंजिनवर कॉम्प्युटर आला. छोट्या ट्रॅक्टरचं काम अजून पान्यावर होतं. अमेरिकेत कोलोरॅडोनं शेती अवजारांसाठी रिपेअरचा कायदा केला, 1 जानेवारी 2024 पासून लागू, तिथं पण धुराची यंत्रणा बंद करायला किंवा सुरक्षेचे सेन्सर काढायला परवानगी नाही. एरर वाचणं, सेन्सर बदलणं, बदलल्यावर कॉम्प्युटरला ओळख करून देणं हे मात्र गावच्या मिस्त्रीला मिळायलाच पाहिजे. पेरणीला मृगाचा पाऊस कंपनीच्या माणसासाठी थांबत नाही.

16. मिस्त्रीला मोबाईल द्यायला भीती वाटती, फोटो बघितले तर? आणि मोबाईल पूर्ण बंद पडला तर फोटो निघतात का?

भीती बरोबर आहे. काही कंपन्यांच्या मोबाईलमध्ये मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड असतो, तो चालू करून द्या, मिस्त्रीला टच-स्पीकर तपासता येतं पण तुमचं काही दिसत नाही. नसंल तर बॅकअप घेऊन रीसेट करा. सिम अन् मेमरी कार्ड काढून घ्या. डिस्प्ले-बॅटरीच्या कामाला पासवर्ड लिहून द्यायची गरजच नाही, समोर उभं राहून स्वतः उघडून दाखवा.

फोटोचं विचाराल तर, आजकालच्या मोबाईलमध्ये डेटा कोडमध्ये असतो अन् त्याची किल्ली सीपीयूला बांधलेली असते. नुसती मेमरी चिप काढून दुसऱ्या बोर्डाला लावली तर कचरा दिसतो. बोर्डावरचा पॉवरचा फॉल्ट काढून तोच सीपीयू चालू झाला अन् पासवर्ड माहीत असला तरच फोटो मिळतात. सीपीयू जळाला असंल तर गेले, कितीही पैसे दिले तरी. जो तुम्हाला हमखास काढून देतो म्हणतो त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

17. सर्व्हिस सेंटर म्हणतं सिक्युरिटी पॉलिसी आहे, पार्ट देणार नाही, रिपेअर पण करणार नाही. तक्रार कुठं करायची?

आधी नकार लेखी घ्या. तोंडी ‘पॉलिसी’ला काही किंमत नाही. कंपनीला ईमेल करा अन् सरळ विचारा: कुठला पार्ट, कुठल्या सुरक्षेच्या कारणानं, अन् कुठल्या नियमाखाली देत नाही. मी बघितलंय, असा ईमेल गेला की कितीतरी वेळा पार्ट आठवड्यात येतो.

नाही आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्याकडं प्रत्येक जिल्ह्याला आहे. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असंल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून 2 वर्षांच्या आत जायचं. अर्जात ‘राईट टू रिपेअर कायद्याप्रमाणं’ असं लिहू नका, तसा कायदा नाही (प्रश्न 2), ‘सेवेतली त्रुटी’ अन् ‘अनुचित व्यापार पद्धत’ असं लिहा. सोबत बिल, जॉबशीट, नकाराचा ईमेल, अन् बाहेरच्या मिस्त्रीनं लिहून दिलेलं की नेमका कुठला पार्ट गेलाय अन् त्यात कुठलं लॉक किंवा डेटा नाही. तसा कागद माझ्याकडं मागितला तर मी लेटरहेडवर लिहून देतो, तुमच्या गावातल्या मिस्त्रीला पण मागा, तो नाही म्हणणार नाही.